डिपर मध्येच जातो, डावा लाईट पिवळट. बल्ब-फ्यूज नवे, तरी तेच

जांबोटीरोड:
२०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, एच४ हॅलोजन हेडलाईट (अप्पर-डिपर एकाच बल्बात). खड्ड्यात आदळली की दोन्हीकडचा डिपर एक-दोन सेकंद जातो आणि आपोआप येतो. लिव्हर जरा हलवली तरी येतो. अप्पर कधीच जात नाही. शिवाय डावा लाईट उजव्यापेक्षा पिवळट, पावसात जास्तच. बल्ब नवे (६०/५५ वॅट), फ्यूजही बदलले. गॅरेजात उभी केली की सगळं नीट चालतं, म्हणून आता अख्खं वायरिंग बदला म्हणायलेत. कणकुंबीवरून चोर्ला घाटातनं रात्रीचं जावं लागतं. सुरुवात कुठून करू?

खडेबाजार_वायरिंग:
दादा, वायरिंगला हात लावू नका. हे दोन वेगळे फॉल्ट आहेत, एकत्र धरले तर एकही सापडणार नाही.

दोन्ही डिपर एकदम जातात म्हणजे दोष दोघांच्या सामाईक वाटेवर आहे: कॉम्बिनेशन स्विच (लिव्हरचा), डिपरचा रिले (लिव्हरच्या हुकमावर लाईटचा करंट चालू-बंद करणारी डबी) किंवा त्याची फीड (बॅटरीकडनं येणारी वायर). दोन बल्ब किंवा दोन होल्डर एकाच क्षणी सुटत नाहीत. डावा एकटाच मंद, तर तो दोष डाव्या होल्डरात नाहीतर डाव्या अर्थिंगला (मायनसची परतीची वाट).

आधी कान वापरा. गाडी उभी, डिपर चालू, एकाला लिव्हर हलवायला सांगा आणि स्वतः फ्यूज बॉक्समधल्या डिपर रिलेवर बोट ठेवा. लाईट जाताना रिले 'टिक' करत असेल तर रिलेला मिळणारा हुकूमच तुटतोय, म्हणजे कॉइलची (रिलेचा कॉन्टॅक्ट ओढणाऱ्या गुंडाळीची) बाजू: लिव्हर, तिचा कपलर (वायरचा जोड), कॉइलचं अर्थिंग. टिक न होता लाईट गेला तर रिलेचे ३०–८७ नंबरचे, लाईटचा करंट नेणारे कॉन्टॅक्ट जळलेत किंवा फीड सैल आहे. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले तिथं घालून बघा, पाच मिनिटांत कळतं.

डाव्याचं असं करा. अप्परवरही डावा मंद आहे का बघा. एच४ मध्ये बहुतेक गाड्यांत दोन्ही फिलॅमेंटची अर्थिंग एकच असते. दोन्हींवर मंद असेल तर अर्थिंग, फक्त डिपरवर असेल तर होल्डरची डिपरची पिन.

आणि महत्त्वाचं: बल्ब काढून व्होल्टेज मोजू नका. वायरची एकच तार शिल्लक असली तरी बिनलोड मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअर ओढायला लागला की खरं रूप दिसतं. गॅरेजात फॉल्ट सापडत नाही, त्याचं एक कारण हेच. इंजिन चालू, डिपर चालू, कपलर जागेवर. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी कपलरच्या मागून अर्थच्या पिनवर. ०.१ ते ०.२ व्होल्ट चालेल. तसंच बॅटरीच्या प्लसपासून डिपरच्या पिनपर्यंत ०.५ च्या आत हवं. वायरचं आवरण सुईनं टोचू नका, त्या भोकातनं पाणी शिरून तांबं हिरवं पडतं.

जांबोटीरोड:
मोजलं. डावीकडे प्लस बाजूला ०.४, अर्थ बाजूला १.१. उजवीकडे ०.३ आणि ०.१. डावा अप्परलाही मंद आहे. लिव्हर हलवली की लाईट जातो आणि रिले टिक करतो.

निपाणी_ऑटोइलेक्ट्रिक:
मग दोन्ही सापडले. १.१ व्होल्ट अर्थिंगमध्येच जातोय. हॅलोजनला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं तर उजेड साधारण तीस टक्के घटतो, म्हणून पिवळट.

डाव्या लाईटची अर्थची वायर बॉडीला जिथं बोल्टनं बसवलीय तिथं जा, बहुधा बॅटरी ट्रेजवळ किंवा लाईटच्या मागच्या पत्र्यावर. बॅटरीचा मायनस काढा. बोल्ट खोला, पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरनं घासा, लगवर (वायरच्या टोकाच्या कडीवर) गंज असेल तर लग बदला. वायर कापत मागं जा. काळं किंवा हिरवं तांबं दिसतंय तोवर कापत राहायचं, लाल चमकदार लागलं की तिथं नवा लग क्रिंप करा (पकडीनं दाबून बसवा). सोल्डर भरलं की वायर तिथं ताठ होते आणि थरथरीनं त्याच्या कडेलाच तुटते, म्हणून नीट क्रिंप आणि वर गोंदवाली हीटश्रिंक स्लीव्ह. दातेरी वॉशर घालून आवळा आणि पेट्रोलियम जेली आवळल्यानंतर वरून लावा.

होल्डर तपकिरी पडला असेल किंवा पिना ढिल्या असतील तर सिरॅमिक एच४ होल्डर घाला, १.५ चौरस मिमी वायर पुरे. १००/९० चे बल्ब मात्र मूळ वायरिंगवर कधीच नको. दोन्ही मिळून नऊच्या जागी पंधरा अँपिअर जातात आणि आधी होल्डर वितळतो.

खडेबाजार_वायरिंग:
लिव्हरचं पक्कं करून घ्या. रिले काढून त्याच्या ८५–८६ च्या (कॉइलच्या) खाचांत वायर लावलेला ५ वॅटचा पार्किंग बल्ब जोडा आणि लिव्हर हलवा. तो मिचमिचला तर दोष स्विच, त्याचा कपलर किंवा कॉइलची अर्थिंग यांतच. रिले कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाडीत हा प्रयोग करू नका.

स्टिअरिंगखालचं कव्हर काढून आधी कपलर हलवा, कधीकधी तोच सैल असतो. तो घट्ट असेल तर स्विच. आतलं ग्रीस वाळून कॉन्टॅक्टवर थर धरतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाच-पंचवीस वेळा अप्पर-डिपर करा. तरी जात असेल तर स्विच बदला, घासून बसवलेला कॉन्टॅक्ट फार टिकत नाही. एअरबॅगची गाडी असेल तर मायनस काढून निदान दहा मिनिटं थांबा, पिवळ्या कपलरला हात नको.

शहापूर_गल्ली:
एलईडी टाका की, करंट कमी लागतो.

निपाणी_ऑटोइलेक्ट्रिक:
करंट कमी म्हणून डाव्याचा दोष फक्त झाकला जाईल, आणि डिपर खड्ड्यात जातच राहील. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्बचा झोतही विस्कटतो, घाटातल्या धुक्यात तो परत आपल्याच डोळ्यांवर येतो.

खानापूर भागातल्या पावसासाठी एक करा. बल्बमागचं रबरी बूट चिरलं असेल तर बदला, आणि वायर कपलरपाशी येण्याआधी खाली झोळ देऊन बांधा, म्हणजे पाणी कपलरात न जाता झोळातनं गळतं. पीव्हीसी टेप इंजिनाच्या उष्णतेनं चिकट होऊन सुटते, कापडी हार्नेस टेप वापरा. शेताकडेला गाडी लावत असाल तर उंदरानं कुरतडलेली जागाही टॉर्चनं बघा.

काम झालं की परत मोजा. डावी अर्थ ०.२ च्या आत यायला हवी. लाईट खोलला असेल तर भिंतीवर दोन्ही झोत जुळवून घ्या. स्विच बदलेपर्यंत रात्री घाटात जाऊ नका.