कुत्रा आणि मुलाची अ‍ॅलर्जी, दोन्ही एकाच घरात कसं जमवायचं?

घोडबंदर_बी_विंग
आम्ही कासारवडवलीला, टू बीएचके. उन्हाळ्यात सोसायटीच्या गेटवरचं इंडी पिल्लू घरी आणलं, मोती. पाऊस लागल्यापासून मुलाला (वय ९) सकाळी उठल्या उठल्या सटासट शिंका, नाक चोंदलेलं, डोळे लाल. मोतीने गाल चाटला की तिथे चट्टे पण उठतात. सासूबाईंचं एकच, केस नाकात जातात, देऊन टाका त्याला. मुलगा ऐकेना आणि मलाही ते जमणार नाही. केस बारीक कापून घेतले तर फरक पडेल का?

नेरुळची_मावशी
केस कापून काही होत नाही गं. अ‍ॅलर्जी केसांची नसतेच, कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात जी प्रोटीन्स असतात त्यांची असते, केस फक्त ते घरभर फिरवतात. म्हणून अमुक ब्रीडने अ‍ॅलर्जी होतच नाही असं सांगून पूडल विकणाऱ्यांच्या नादी लागू नका कोणी. आमच्याकडे लॅब्रेडॉर आहे आणि लेकीला अ‍ॅलर्जी, सगळ्यात जास्त उपयोग झाला तो तिच्या बेडरूममध्ये त्याला पाऊलही टाकू न देण्याचा. पहिले काही दिवस दाराशी बसून असा रडतो की आपलंच काळीज हलतं, पण तिथे नमायचं नाही. झाडू बंद, ओला पोछा नाहीतर हेपा फिल्टरवाला (अगदी बारीक कण अडवणारा) व्हॅक्यूम, कारण झाडूने कोंडा बसत नाही, उडतो. आंघोळ आठवड्याला एकदा-दोनदा, महिन्यातून एकदा घालून फायदा नाही, दोन-चार दिवसांत सगळं परत तसंच होतं. शॅम्पू कुत्र्यांचाच, आणि पावसात नीट कोरडा करा नाहीतर कानाचं दुखणं मागे लागेल.

वाशी_सेक्टर१७
स्पष्ट बोलतो, राग नसावा. मुलाच्या तब्येतीपुढे कुत्रा कशाला? चांगलं घर बघून द्या.

ओपीडीवाली_खारघर
@वाशी, आज दिला तरी सोफ्यात, गाद्यांत ते प्रोटीन कित्येक महिने राहतं, त्यामुळे आठवड्यात फरक नाही पडला म्हणजे कुत्रा निर्दोष असंही नसतं.
ताई, मी ईएनटीच्या ओपीडीत काम करते, तुमच्या पोस्टमध्ये मला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. चाटल्यावर चट्टे, हा मोतीचा हिशोब. पण गादीवरून उठतानाच शिंका आणि तेही पाऊस लागल्यावर, हे डस्ट माइटचं (गादीतल्या धुळीतले सूक्ष्म किडे) किंवा भिंतीच्या बुरशीचंही असू शकतं, आपल्याकडे जून-जुलैत कुठलं घर ओल न धरता राहतं! म्हणून आधी स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर हलकं टोचून त्रास नेमका कशाचा ते बघतात ती) करून घ्या. त्याआधी काही दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, किती ते डॉक्टरांना विचारून, ब्लड टेस्टला तसं नसतं. माइट निघाले तर गादी-उशीला झिपवाली कव्हरं आणि चादरी ६० डिग्रीच्या पाण्यात. नाकाचा स्टेरॉइड स्प्रे दिला तर तो रोज मारायचा असतो, लोक दोन दिवस मारतात आणि म्हणतात गुण नाही. आणि रात्री खोकला किंवा छातीत शिट्टी वाजत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा, तो दमा असू शकतो.

घोडबंदर_बी_विंग
बापरे, गादीचा विचारच नव्हता केला. त्याच्या बेडमागच्या भिंतीला ओल आहेच! शिट्टी नाही वाजत. एअर प्युरिफायर घेऊ का? ह्यांनी कार्टमध्ये टाकून ठेवलाय.

नेरुळची_मावशी
हेपावाला, खोलीच्या मापाचा, आणि खिडकी बंद ठेवून चालवणार असाल तरच. सोफ्यात बसलेला कोंडा तो थोडाच ओढून घेणार आहे. आयोनायझर, ओझोनवाले तर नकोच.

ओपीडीवाली_खारघर
मोती नर ना? मग टेस्टच्या वेळी कॅन एफ ५ बद्दल विचारा. ते प्रोटीन नराच्याच प्रोस्टेटमध्ये बनतं, काहींना फक्त त्याचीच अ‍ॅलर्जी असते, त्यांना मादी कुत्री चालते. तसं निघालं तर नसबंदीचं व्हेटशी बोलता येईल. प्युरिफायरच्या आधी ती ओलीची भिंत बघा.