नर धनेश एकटाच येतोय, मादी कुठे गेली?

प्रश्न (वाळपई, सत्तरी, गोवा):
आमच्या कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) वर जुना बेहडा आहे. परवापरवापर्यंत कवड्या धनेश पक्ष्यांची जोडी यायची. आता नर एकटाच येतो, ढोलीत चोच घालतो नि जातो. मादीला कुणी मारलं तर नसेल? मन लागत नाही.

उत्तर १:
घाबरू नका ताई, ती अंडी उबवायला ढोलीत आतच असणार. विष्ठा नि फळांचा चोथा चोचीने थापून ती ढोलीचं तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत तिची उडायची पिसं झडतात, त्यामुळे सगळी भिस्त नरावर. झाडाखाली काजऱ्याच्या (कुचल्याच्या) बिया दिसतील; आपल्याला विषारी, पण त्याचं फळ धनेश मजेत खातो. मात्र जवळ जाऊ नका. माणूस दिसला की नर घास घेऊन लांबच ताटकळतो नि आत मादी उपाशी राहते.

प्रश्नकर्ती:
लांबून दुर्बीण लावली. त्याने गळ्यातून एकेक उंबर वर काढलं, चोचीच्या टोकावर धरलं नि फटीत दिलं. आतून चोच आली! केवढा जीव भांड्यात पडला.

उत्तर २:
बेहडा तोडू देऊ नका. तीच ढोली ते वर्षानुवर्षं वापरतात.

प्रश्नकर्ती:
बाबांना आजच सांगते.