'आनंद होणे' की 'आनंद करणे'?

विचारणा (भायखळा) : आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या दिवसांतल्या) तिसऱ्या रविवारी आमच्या मंडळीत गुलाबी मेणबत्ती लावतात. त्या दिवसाच्या पत्रकाचा विषय इंग्रजीतून आला आणि कुणीतरी त्याचं 'उपासनेतील व मानवी भेटीगाठींतील आनंदाची पुनःप्राप्ती' असं करून ठेवलं. हे वाचून भक्तीला येणाऱ्याचा होता तो आनंदही जायचा! हर्ष, उल्हास, जल्लोष यांतलं काय बसेल?

माहीम : जल्लोष नको. तो २०२४ साली विश्वचषक घेऊन संघ आला तेव्हा मरीन ड्राइव्हवर झाला. 'उल्हास' म्हटलं की मुंबईकराला पुढे 'नगर' ऐकू येतं. हर्ष स्तोत्रांत आहे, पण बोलण्यात उरला तो 'हर्षवायू'पुरता. आनंदच ठेवा.

खरी गंमत क्रियापदात आहे. एरवी आपल्याला आनंद होतो, वाटतो, मिळतो. 'मला आनंद झाला' म्हणताना मी नुसता बसलेला असतो, आनंद बाहेरून येतो. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रात मात्र (४:४) 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' असं आहे. करा! आपण सण करतो, दिवाळी करतो, तसा आनंद करायचा. आणि हे प्रेषित पौल लिहितोय बंदिवासातून, म्हणजे आनंद 'होण्या'सारखं तिथे काही नव्हतं. कॅथलिक परंपरेत या रविवाराचं नावच लॅटिनमधल्या त्या शब्दावरून पडलं, 'गाउदेते'. तेही आज्ञार्थी.

गोराई : थोडी भर घालतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे 'खैरेते' आहे. त्याचं एकवचन 'खैरे', आणि गॅब्रिएल देवदूत येशूच्या आईला, मरियेला, भेटतो तेव्हा पहिला शब्द हाच उच्चारतो. ग्रीक लोक रस्त्यात एकमेकांना भेटल्यावरही हेच म्हणत. मराठी बायबलात दूताच्या तोंडी 'कल्याण असो' आलं, आमच्या कॅथलिक प्रार्थनेत 'नमो'. दोन्ही शोभतात. पण 'आनंद कर' आणि 'सलाम' हे एकाच शब्दात होतं, ते मराठीत दोन घरी गेलं. त्यामुळे तुमच्या विषयातली उपासना आणि भेटीगाठी ही जोडी ओढूनताणून आणलेली नाही.

मिस्सात, म्हणजे कॅथलिक उपासनेत, शेजारच्याला शांतीचं अभिवादन देताना हे दिसतं. १९६९ साली रोमने भारतासाठी उपासनेत बारा देशी पद्धतींना परवानगी दिली, त्यांत शांती देताना हात जोडणंही होतं. छान पद्धत. पण आता कित्येकांचे हात जोडलेले, मान पाव इंच वळलेली आणि नजर समोरच्याच्या खांद्यावरून दाराकडे. आमच्या देवळात लुगडं नेसणाऱ्या एक आजी आहेत. त्या जोडलेले हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरतात आणि सुनेची चौकशी झाल्याशिवाय सोडत नाहीत. मागची अख्खी रांग खोळंबते. (ही पद्धतही त्या बारांत बसते, समोरच्याचे हात आपल्या हातांत घेण्याची मुभा होतीच.)

भायखळा, दुसरे : पुनःप्राप्ती हा कर्जवसुली खात्याचा शब्द. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात हरवलेलं मेंढरू 'सापडतं', आणि सापडल्यावर मेंढपाळ एकटा खूश होऊन झोपत नाही, शेजाऱ्यांना बोलावून 'माझ्याबरोबर आनंद करा' म्हणतो. पुन्हा 'करा'च. 'गवसणे' कवितेत बरं, पत्रकावर 'सापडणे' लिहा.

एक गाऱ्हाणंही मांडतो. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-ओव्यांतून ख्रिस्ताचं गाणं गायलं. ठेका हातात आयता आहे. तरी आपण 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातलं स्तुतिगीतही असं ओढतो, की शेवटच्या कडव्यापर्यंत पेटीवाल्याला डुलकी लागावी. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या पत्रात शुभवर्तमान सांगणाऱ्याने मर्तिकाहून परतल्यासारखा चेहरा करू नये असं बजावलं होतं. ते आम्हा प्रोटेस्टंटांनाही लागू आहे.

विचारणारी : मग असं लिहिते : 'आनंद सापडला? या, बरोबर करू.'

माहीम : प्रश्नचिन्ह काढा. ज्यांना सापडला नाही त्यांनी घरी बसायचं का? 'या, आनंद करू' पुरे.

विचारणारी : मान्य. खाली 'भक्तीनंतर चहासाठी थांबावे' आहे. की 'थांबा'?

गोराई : 'थांबा'. 'थांबावे' वाचून लोक लोकल पकडतात.