तैनातीचं सिम्युलेशन: एक्सेलमध्ये ३० माणसं पुरतात, मॉडेलमध्ये का नाही?

ओआर_विद्यार्थी: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी लष्करी सिग्नल तंत्रज्ञांच्या तैनातीचं मॉडेल करतोय. परदेशात कायम १० जण हवेत, फेरी ६ महिन्यांची, नियम १:२, म्हणजे बाहेर काढले त्याच्या दुप्पट दिवस मायदेशी. एक्सेल म्हणतं ३० जण पुरे. सिमपायमध्ये (पायथॉनची सिम्युलेशन लायब्ररी) चालवलं की नियम मोडतोच. कोड चुकलाय का?

जुना_नियोजक: कोड ठीक असावा. तैनातीच्या याद्या करण्यात माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

३० पैकी ६ जण वैद्यकीय कारणानं पाठवता येत नाहीत असं धरा. बाहेर १०, मायदेशी २०, सरासरी अजूनही १:२. पण फेऱ्या उरलेल्या २४ जणांनाच. त्यांना १२ ऐवजी ८.४ महिने मिळतात. अहवालात नियम पाळलेला दिसतो आणि माणूस साडेतीन महिने आधीच बॅग भरायला लागतो. मला याचा फार त्रास व्हायचा.

त्यात कार्यभार सोपवायला दोन आठवडे जुना आणि नवा दोघंही तिथे लागतात. २६ आठवड्यांच्या फेरीत दर २४ आठवड्यांनी नवा माणूस, म्हणजे १० जागांना सरासरी १०.८ माणसं. फेरी आखूड केलीत तर हा बोजा आणखी वाढेल.

एप्रिल २००७ मध्ये अमेरिकी लष्करानं इराक-अफगाणिस्तानातली फेरी १२ वरून १५ महिन्यांवर नेली, मधे मायदेशी १२ महिने. गरज वाढली, तुकड्या रातोरात वाढत नाहीत, मग ताण फेरीच्या लांबीवर निघाला. २००८ मध्ये ती पुन्हा १२ वर आणली.

म्हणून मॉडेलमध्ये प्रत्येक जवान वेगळा ठेवा: परतीची तारीख, कोर्स, वैद्यकीय श्रेणी. आणि निकालात सर्वांत कमी विश्रांती मिळालेले दहा टक्के आधी बघा.

हुद्द्यांचा_हिशेब: बढतीही घाला. सैन्यात मेजर बाहेरून भरता येत नाही, तो खालूनच घडवावा लागतो. आज अधिकाऱ्यांची भरती कमी केली की काही वर्षांनी त्या हुद्द्यावर खड्डा पडतो. निव्वळ संख्येसाठी मार्कोव्ह साखळी (एका हुद्द्यावरून दुसऱ्यावर जाण्याच्या शक्यतांवरून संख्या काढणारं गणित) पुरते, वेळापत्रकासाठी नाही.

ओआर_विद्यार्थी: वैद्यकीय अपात्रता घातली, आकडे जवळपास तुम्ही म्हणता तसेच आले! पण पहिली दोन वर्षं फारच छान दिसतात.

जुना_नियोजक: कारण तुम्ही सगळ्यांना ताजंतवानं धरून सुरुवात केलीत. खऱ्या तुकडीत कुणी कालच परतलेलं असतं. तो सुरुवातीचा काळ निकालातून वगळा, किंवा सुरुवातीलाच परतीच्या तारखा विखरून द्या. दोन धोरणांची तुलना करताना रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका ठरवणारा सुरुवातीचा आकडा) दोन्हीकडे सारखेच ठेवा, नाहीतर फरक धोरणाचा की नशिबाचा हे कळणार नाही. कोर्सचं वेळापत्रक घातलंत की निकाल इथे टाका, मी बघतो.