जिवंत व्हेलचे लचके तोडणारे गल पक्षी

फ्रिगेटबर्ड नावाचे समुद्रपक्षी दुसऱ्या पक्ष्यांच्या तोंडचा घास हिसकावतात. अर्जेंटिनातल्या वाल्देस द्वीपकल्पाजवळचे केल्प गल हे समुद्रपक्षी तर त्याच्याही पुढे गेलेत. सदर्न राइट व्हेल श्वासासाठी वर आली की हे थेट तिच्या पाठीवर उतरतात, चोचीने कातडी सोलतात आणि खालची चरबी खातात. जिवंत व्हेलची! १९७० च्या दशकात अशा जखमा सरासरी जेमतेम २ टक्के माद्या-पिल्लांच्या अंगावर होत्या. २००० नंतरच्या दशकात ९९ टक्क्यांच्या. मोठ्या व्हेल आता पाठ पाण्याखाली दडवून नुसतं डोकं वर काढतात. पिल्लांना ते सहज जमत नाही, म्हणून जास्त मारा त्यांच्यावरच होतो. दूध पिऊन निवांत पडायच्या वयात सारखं बुडी मारून पळायचं, हे वाचून फार कळवळायला होतं.