‘जुनाट’ आणि ‘दुर्धर’ : फरक काय?

पंचवटीकर : संधिवाताच्या कायमच्या गोळ्या चालू आहेत. मतं मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारते, निराधार योजनेत आम्ही बसतो का? संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० ची. पात्रतेत क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग ‘यासारख्या दुर्धर आजारामुळे’ चरितार्थ चालवू न शकणारे, असे शब्द आहेत. अर्ज घेणारे साहेब म्हणाले, “तुमचा जुनाट आहे, दुर्धर नाही.” फरक काय हो?

गंगाघाट : दुर्धर म्हणजे धरायला, सोसायला कठीण. जिवावर बेतणारं असा अर्थ मुळात नाही, तो वापरातून चिकटला. आणि त्या यादीतला क्षय औषधांनी बरा होतो, कुष्ठरोगही होतो! मग ‘दुर्धर’चा अर्थ ‘असाध्य’ कसा? शिवाय ‘यासारख्या’ हा शब्द साहेबांनी वाचलाच नसावा. खरी अट चरितार्थाची आहे.
‘जुनाट’चं दुखणं वेगळं. जुनाट वाडा, जुनाट विचार, जुनाट खोकला. ऐकणाऱ्याला वाटतं, इतकी वर्षं काढलीत, अजून काढाल.

काढा-चूर्ण : आयुर्वेदात नेमका शब्द आहे, याप्य. साध्य आणि असाध्य यांच्या मधला. औषध-पथ्य चालू तोवर काबूत, सोडलं की उसळतो. ‘कालयापन’मधलंच यापन.

गंगाघाट : शब्द झकास! पण अर्जात लिहिलात तर खिडकीवरचे ‘व्याप्य’ वाचून परत पाठवतील.

सुरगाणा रोड : आमच्याकडं सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची घरं आहेत. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आले, त्यात सिकलसेल आला. १९९५ च्या कायद्यात तो नव्हता. संधिवाताचं नाव तिथं अजून नाही. पण नाव आलं म्हणून भागत नाही, दाखल्यावर ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. दुखणं येतं-जातं. रात्रभर पाय धरून रडलेला पोरगा तपासणीला स्वतःच्या पायांनी चालत गेला, की टक्के कुठून येणार?

पंचवटीकर : अगदी. माझीही बोटं सकाळी वळत नाहीत, आणि दुपारी कचेरीत सही मात्र ठसठशीत येते. आणि मेळाव्यात आम्हाला म्हणायचं ‘लाभार्थी’! लाभाचा अर्थी, म्हणजे मागणारा. असो, तो धागा वेगळा काढते. अर्जात ‘दीर्घकालीन’ लिहू का?

गंगाघाट : ताई, विशेषणाच्या नादी लागू नका. डॉक्टरांकडून काय जमत नाही ते लिहून घ्या. लाटणं धरवत नाही, बादली उचलवत नाही, बटण लागत नाही, अमुक काम त्यामुळे सुटलं. ‘दुर्धर’ ठरवायला आणखी काय लागतं? पण उत्पन्नाचा दाखला आधी काढा, कागद तिथंच अडतो.