टायर बदलायचेत: पंधरावरच राहू की सतरा घेऊ?

मंदार (ए-७०३): नमस्कार मंडळी. गाडीबद्दल सल्ला हवाय. माझी बलेनो डेल्टा, २०१९ची. ५२ हजार किलोमीटर झालेत आणि पुढचे दोन्ही टायर पार गुळगुळीत झालेत. पावसाळ्याच्या आत चारही बदलायचे आहेत. कंपनीचं माप १८५/६५ आर १५, साधी लोखंडी डिस्क. काल दुकानात गेलो तर तो म्हणाला, खर्च करताच आहात तर १७ इंची अलॉय चाकं घाला, त्यावर २०५/४५ टायर. गाडी रुबाबदार दिसेल, रस्ताही घट्ट धरेल. दिसतात खरंच छान. पण जूनमध्ये आईला घेऊन गावी जायचंय, अणुस्कुरा घाटातून, राजापूर तालुक्यात. शेवटचे तीन किलोमीटर जांभ्याचा कच्चा रस्ता. कुणी असे बदललेत का?

अमेय (बी-१०४): घे बिनधास्त. मी माझ्या बलेनोला मागच्या वर्षी १५चे १६ केले. गाडी वळणावर एकदम छान बसते.

रोहिणी (ए-२०१): मंदार, थांब, घाई करू नकोस. आमच्या आधीच्या गाडीला आम्ही हौसेने १७ घातले होते. जुलैमध्ये ताम्हिणीत, रात्री साडेनऊला, पाण्याने भरलेला खड्डा दिसलाच नाही. धाडकन आवाज झाला आणि पुढचं डावं चाक खाली बसलं. खाली उतरून टॉर्च मारला तर टायरला बोटभर चीर आणि अलॉयची कड तडकलेली. स्टेपनी जुन्या मापाची, तीही हवा कमी. मागच्या सीटवर दोन लहान मुलं, वर धो धो पाऊस, जॅक लावायला सपाट जागा नाही. एका टेम्पोवाल्या दादांनी थांबून मदत केली म्हणून आम्ही माणगावला पोचलो. त्या रात्रीची भीती मला अजून आठवते. आईला घेऊन जायचंय म्हणतोस, म्हणून लिहिलं.

मंदार (ए-७०३): बापरे ताई. हे मला माहीत नव्हतं. दुकानदार यातलं काही बोलला नाही.

अमेय (बी-१०४): खड्डा कुठल्याही टायरला मारणारच ना पण? सुहासकाका, तुम्ही एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये होतात. तुमचं मत सांगा.

सुहासकाका (बी-५०२): सांगतो. आधी टायरवरचा आकडा समजून घे, मंदार, म्हणजे दुकानदार काय विकतोय ते कळेल.

१८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, साधारण १२० मिमी. १५ म्हणजे रिम किती इंची ते. आता त्याचा २०५/४५ आर १७ घे. २०५चे ४५ टक्के, म्हणजे ९२ मिमी. चाकाची एकूण उंची जवळपास तीच राहते, ६२१ मिमीच्या जागी ६१६. त्यामुळे स्पीडोमीटर फारसा चुकणार नाही. त्या हिशेबात दुकानदार चुकीचा नाही.

पण २८ मिमी रबर गेलं. दीड बोट. ती जागा धातूने घेतली. चाक खड्ड्याच्या कडेवर आदळतं तेव्हा आधी रबर दबतं, आतली हवा गादीचं काम करते. गादी पातळ असली की टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटला जातो. आतले दोर तुटतात आणि साइडवॉलला फुगा येतो. मार त्याहून जोराचा असला तर रिमच जातो. लोखंडी डिस्क वाकते, ती ठोकून सरळ करणारे अजून मिळतात. अलॉय तडकला की तो बदलायचा. वेल्डिंग करून देणारे आहेत, पण घरच्या माणसांना बसवतो त्या गाडीला मी वेल्ड केलेलं चाक लावणार नाही.

अमेय (बी-१०४): मग काका, कंपनी स्वतःच वरच्या मॉडेलला १६ का देते?

सुहासकाका (बी-५०२): चांगला प्रश्न. तो १९५/५५ आर १६. साइडवॉल १०७, एकूण उंची पुन्हा ६२१. ते माप कंपनीने त्याच सस्पेन्शनवर, पूर्ण भाराने चालवून मग दिलंय. तू तेच घातलंस, म्हणून तुझं ठीक चाललंय. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, गाडीचं पुस्तक असतं. त्यात जी मापं दिलीत त्यांच्या बाहेर जाऊ नका, एवढंच माझं म्हणणं. बाहेर गेलात तर नुकसानही तुमचं आणि वॉरंटीचा वादही तुमच्याच गळ्यात.

आणखी एक. मापानंतर ८८ एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. ८८ म्हणजे तो टायर ५६० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा. २०५/४५ आर १७ मध्ये ८४चाही टायर येतो, तो ५०० किलोचा. पाच माणसं, आंब्याच्या पेट्या आणि घाट, तेव्हा हा फरक लहान राहत नाही. हा आकडा दुकानात कुणी विचारतच नाही.

मंदार (ए-७०३): पण रुंद टायर पावसात जास्त पकड देणार ना? त्याचा सगळा भर त्यावरच होता.

सुहासकाका (बी-५०२): कोरड्या डांबरावर थोडी जास्त देतो, हे खरं. पाणी साचलेल्या रस्त्यावर उलटं होतं. टायरला समोरचं पाणी चरांतून बाहेर ढकलायचं असतं. रुंद टायरला जास्त पाणी ढकलावं लागतं, त्यामुळे तो कमी वेगालाच पाण्यावर तरंगायला लागतो. स्टीअरिंग एकदम हलकं लागतं, फिरवलं तरी गाडी वळत नाही. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, एक्सलरेटर हळू सोडायचा आणि स्टीअरिंग सरळ धरून ठेवायचं.

पावसात पकड देते ती नक्षीची खोली आणि बरोबर हवा. नवीन टायरला साधारण ८ मिमी नक्षी असते. कायद्याने १.६ मिमीपर्यंत चालते, तिथे चरांत लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. मी मात्र ३ मिमीच्या खाली गेलेल्या टायरवर पावसाळा काढत नाही. राहिलेल्या दीड मिमीत किती पैसे वाचतात, आणि घाटात तेवढ्यासाठी गाडी घसरली तर?

दीपक (सी-६०३): काका, माझा प्रश्न वेगळा आहे. नेक्सॉन, २१५/६० आर १६. महिन्यातून दोनदा शेतावर, इंदापूरकडे. शेवटचा दीड किलोमीटर उसातली वाट, काळी माती. तेच माप एटीमध्ये, म्हणजे ऑल-टेरेन टायरमध्ये मिळतंय. घेऊ का?

सुहासकाका (बी-५०२): एटीची नक्षी मोठ्या ठोकळ्यांची, चर रुंद. मुरूम, खडी, सुटा दगड, जांभा यांवर उत्तम. पण काळी माती चिकण. चाकाचे दोन-चार फेरे झाले की ते चर भरतात आणि मग एटी काय नि साधा काय, मातीचा गोळा जागच्या जागी फिरत राहतो. त्याला टायर हे उत्तर नाही. वापसा येईपर्यंत रानात औतही घालत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. तेवढे दिवस गाडी डांबरीवर लाव आणि चालत जा. उरलेले दिवस तू हिंजवडीच्या रस्त्यावर असतोस. तिथे एटीचा आवाज येणार, ॲव्हरेज पडणार आणि ओल्या डांबरावर बरेच एटी साध्या टायरइतके पटकन थांबत नाहीत.

दीपक (सी-६०३): पटलं. वडील हेच म्हणतात, पाऊस झाला की गाडी वेशीबाहेर ठेव.

अमेय (बी-१०४): पण खऱ्या ऑफरोड गाड्यांना रुंदच असतात की. थारला २५५ आहे.

सुहासकाका (बी-५०२): २५५/६५ आर १८. तिची साइडवॉल काढ, १६६ मिमी येईल. आता जिम्नी बघ, १९५/८० आर १५. रुंदीला मंदारच्या गाडीपेक्षा १० मिमीच जास्त, आणि साइडवॉल १५६. एक रुंद, एक अरुंद, दोन्ही डोंगर चढतात. दोन्हींत सारखं काय, तर उंच रबर. वाईट रस्त्याला तेच लागतं.

वैशालीताई (बी-७०१): भाऊ, आम्ही परवा समृद्धीवरून वर्ध्याला निघतोय. तिकडे ४५ अंश आहे म्हणतात. टायर चांगले आहेत, नक्षी भरपूर. तरी लोक फार घाबरवतात.

सुहासकाका (बी-५०२): ताई, तुमची गाडी फिरते कमी, म्हणून नक्षी दिसते. वय बघायला हवं. साइडवॉलवर डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३०१९ असेल तर २०१९ सालचा तिसावा आठवडा. सहा वर्षं उलटलेला टायर, नक्षी कितीही असो, मी उन्हाळ्यात १२०च्या रस्त्यावर नेणार नाही. रबर कडक होतं, बारीक भेगा पडतात.

दुसरं, हवा. टायर फुटतो तो बहुतेकदा कमी हवेमुळे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला वाकते, त्या वाकण्याने तापते, आणि तासन्‌तास एकाच वेगात सरळ चालवताना तिला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. निघायच्या दिवशी सकाळी, गाडी तापायच्या आत, स्टिकरवर पूर्ण भारासाठी दिलेली हवा भरा. पुढे तापून आकडा तीन-चारने वाढेल. तो बघून कुणी हवा कमी करायला सांगितली तर करू नका. नायट्रोजन असली तरी मोजावी लागतेच. दीड-दोन तासांनी थांबा, पाणी प्या, चाकाजवळ हात नेऊन बघा. एखादं इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय.

वैशालीताई (बी-७०१): आकडे २२१८ आहेत. चारही. आत्ता खाली जाऊन बघून आले.

सुहासकाका (बी-५०२): ताई, मग उद्याच बदलून घ्या. किंवा रेल्वेने जा. हे मी मनापासून सांगतोय.

प्राजक्ता (सी-२०२): काका, इथे म्युनिकमध्ये तर आम्हाला दोन सेट ठेवावे लागतात. उन्हाळ्याचे १७ आणि हिवाळ्याचे १६, तेही अरुंद. आधी मला वाटायचं बर्फात रुंद हवेत. इथल्या मेकॅनिकने समजावलं, अरुंद चाक बर्फाचा चिखल कापून खालच्या रस्त्याला टेकतं. तुम्ही पाण्याचं सांगितलंत तसंच. इथे ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, असं लोक तोंडपाठ म्हणतात. कायदा तारीख बघत नाही, रस्त्यावर बर्फ किंवा चिखल असेल तर ते टायर हवेतच. ऑक्टोबर २०२४पासून डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच चालतात, नुसतं एम अधिक एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही. काढलेला सेट गॅरेजवाले सांभाळतात.

अमेय (बी-१०४): प्राजक्ता, आम्ही डिसेंबरमध्ये मनाली, अटल टनेलपर्यंत गाडीने जाणार आहोत. तसले टायर घ्यावेत का?

प्राजक्ता (सी-२०२): चार दिवसांसाठी नको रे. ते रबर ७ अंशांच्या खाली मऊ राहावं म्हणून बनवलेलं असतं. पुण्याच्या उन्हात भराभर झिजेल आणि ब्रेकलाही ढिलं पडेल.

सुहासकाका (बी-५०२): बरोबर बोलली. बर्फात चाकाला गुंडाळायची चेन घे, तुझ्या मापाची. इथे पार्किंगमध्येच दोनदा लावून-काढून बघ. तिथे हाताची बोटं गारठल्यावर शिकता येत नाही. तरीही रस्त्यावर काळा, काचेसारखा बर्फ असेल तर मागे फिर.

मंदार, उद्या सकाळी साडेसहाला खाली ये. तुझे टायर बघू.

(दुसऱ्या दिवशी)

मंदार (ए-७०३): सगळ्यांना सांगतो, कारण मला स्वतःला हे दिसलं नसतं. काकांनी स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवायला लावलं आणि पुढच्या डाव्या टायरची आतली कड दाखवली. बाहेरून नक्षी थोडी तरी होती. आतल्या बाजूला दोन बोटं रुंदीचा पट्टा आरशासारखा, आणि त्यात एका ठिकाणी तारा वर आलेल्या. हात लावला तर टोचल्या. याच गाडीतून मी परवा खंबाटकी उतरून आलोय. मागच्या उजव्याला साइडवॉलवर अर्ध्या लिंबाएवढा फुगा. स्टेपनीत फक्त १४ हवा.

सुहासकाका (बी-५०२): आतून झीज म्हणजे अलाइनमेंट गेलंय, किंवा खालचं सस्पेन्शनचं रबरी बुश. नवे टायर घालायच्या आधी ते बघून घे, नाहीतर नवेही सहा महिन्यांत तसेच होतील.

मंदार (ए-७०३): केलं. बुश गेलं होतं, बदललं. टायर तेच, १८५/६५ आर १५, ८८ एच. डिस्क जुन्याच ठेवल्या, वाचलेल्या पैशांत पाचवा टायर स्टेपनीला. पहिल्या दुकानात ४१२३चे दाखवत होते, मी आकडे वाचल्यावर आतून दुसरे काढायला गेले. मी तिथून निघालो, दुसरीकडे या वर्षीचेच मिळाले.

रोहिणी (ए-२०१): छान केलंस. जांभ्यावर वाटेच्या कडेला चाक घासू देऊ नकोस. साइडवॉलला चीर गेली तर पंक्चर निघत नाही.

वैशालीताई (बी-७०१): आमचेही आज बदलले. परवाऐवजी शनिवारी पहाटे निघतोय.

सुहासकाका (बी-५०२): ताई, शुक्रवारी रात्री गाडी खाली लावून ठेवा. पहाटे पाचला मी पंप आणि मीटर घेऊन येतो, निघताना हवा बघून देतो. मंदार, नवे टायर पहिले दोनशे किलोमीटर जरा जपून चालव, वरची चकाकी जाईपर्यंत ते घसरतात. आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घे.